महिनाभर हात आखडता

सव्वीस जानेवारी रविवारी आली की नोकरदार माणसाला देशप्रेमाबरोबर थोडं दुःखही होतं. एक हक्काची सुट्टी बुडते. २०२५ साली तसंच झालं. सोसायटीतलं झेंडावंदन आटोपून, वाटलेली जिलबी खाऊन आम्ही घरी आलो आणि ह्यांनी जेवणाच्या टेबलावर कागदांची एक चळत ठेवली. डिसेंबर महिन्यात आम्ही नवरा-बायकोने मोबाइलवरून जे जे पैसे दिले, त्याची छापील यादी. ऑफिसातून काढून आणलेली.

"किती नोंदी असतील?" ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "चाळीस? पन्नास?"

दोनशे चौदा होत्या. त्यातल्या एकशे एकतीस शंभर रुपयांच्या आतल्या. रिक्षा, चहा, कोथिंबीर, वडापाव, झेरॉक्स, पुन्हा रिक्षा, आणि एक आठ रुपयांची नोंद, जी कशाची हे आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत आठवलं नाही. या किरकोळीची बेरीज सहा हजारांच्या वर गेली होती. मी एका पतपेढीत तेवीस वर्षं कारकुनी करते. लोकांची खाती जुळवण्यात माझा हात कोणी धरणार नाही. पण स्वतःच्या घरात एका महिन्यात दोनशे चौदा वेळा पैसे बाहेर गेले आणि मला पत्ता नाही!

माझी आई दुधाचे खाडे कालनिर्णयवर मांडायची. पगाराच्या दिवशी बाबा पाकीट आणून देवापुढे ठेवायचे, मग त्याच्या पुड्या व्हायच्या. वाण्याची, भाड्याची, शाळेची. वीस तारखेनंतर पुड्या हलक्या व्हायला लागल्या की घरात आवाज नीट ऐकू यायचा. २०१६ साली यूपीआय आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली, आणि हळूहळू आमच्या घरातून सुट्टे पैसे गेले ते गेलेच. पाकीट हलकं होत नाही म्हटल्यावर कळणार तरी कसं? फोन एकदा 'टुंग' वाजतो, झालं.

"एक महिना," हे म्हणाले, "फक्त गरजेचा खर्च. बाकी सगळं बंद. बघू या जमतं का."

फेब्रुवारी निवडला, कारण त्याला अठ्ठावीसच दिवस असतात. आम्ही डोंबिवलीकर; गाडीत चौथी सीट शोधणारी माणसं. सोपं तेच आधी बघतो.

धाकट्याने, तो तेव्हा आठवीत होता, या उपक्रमाला ताबडतोब एक इंग्रजी नाव दिलं आणि फ्रिजवर चिकटवायला तक्ता आखला. थोरली कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण विरोध केला नाही. सासूबाई खिडकीपाशी शब्दकोडं सोडवत होत्या. त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं, नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "याला नाव असतं होय?" आम्ही हसलो. तेव्हा हसण्यासारखंच वाटलं होतं.

मग यादी करायला बसलो. आजवर आमच्या घरात लग्नाच्या याद्या झाल्या, सहलीच्या झाल्या. पण 'गरज' आणि 'चैन' अशा दोन रकाने आखलेल्या कागदासारखी भांडणं कशानेही लावली नाहीत. घरपोच मागवायचं खाणं चैन, इथे एकमत. दहा मिनिटांत सामान आणून देणारं ते अॅप चैन, तेही कबूल. सिनेमा-मालिकांची वर्गणी? धाकटा म्हणाला, गरज. मी म्हटलं, माझी मालिका संपेपर्यंत गरज. वर्तमानपत्र? ह्यांनी त्याच्यावरही बोट ठेवलं होतं. (संपादकांनी राग मानू नये. आईंचं शब्दकोडं आणि महिनाअखेरीची रद्दी या दोन आधारांवर पेपर वाचला.)

सर्वांत मोठा तंटा माशांवरून झाला. सासर मालवण तालुक्यातलं. रविवारी घरात मासळी आली नाही तर घरात कोणी आजारी आहे का, असं शेजारी विचारतात. शेवटी आईंनी निवाडा दिला: पापलेट आणि सुरमई चैन, बांगडा आणि मांदेली गरज. या निकालाविरुद्ध अपील झालं नाही.

पोळ्यांच्या मावशींचं नाव कोणी कुठल्या रकान्यात लिहिलं, हे मी आता सांगणार नाही. लिहिलं गेलं, 'चैन'मध्ये. महिन्याचे अडीच हजार. मी घरी असताना करू शकते ते काम दुसऱ्याकडून का करून घ्यायचं, असा हिशेब होता आणि तो कागदावर बरोबरच होता. इस्त्रीवाला त्याच रकान्यात गेला.

एक फेब्रुवारीला, शनिवारी, अर्थसंकल्प होता. नव्या कररचनेत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला कर लागणार नाही, असं अर्थमंत्र्यांनी जाहीर केलं आणि मध्यमवर्गाच्या हातात आता खर्चाला पैसा खुळखुळेल, असं प्रत्येक वाहिनीवर कोणी ना कोणी सांगत होतं. त्याच संध्याकाळी आम्ही फ्रिजवर तक्ता चिकटवला.

पहिला आठवडा खरं सांगायचं तर मजेत गेला. स्वयंपाकघरातले डबे उघडायला घेतले, तर कुठल्या डब्यात काय आहे याचा शोध हीच एक करमणूक! तीन प्रकारचं नाचणीचं पीठ निघालं, अर्धा किलो कुळथाची पिठी, मेतकूट, गेल्या उन्हाळ्यातले पोह्यांचे पापड, आणि 'वापरू या' म्हणून ठेवलेली पास्त्याची तीन पाकिटं. त्यातलं एक मुदत संपलेलं. चार-पाच दिवसांची जेवणं तर केवळ विस्मरणातून उभी राहिली. हे स्टेशनपर्यंत चालत जाऊ लागले. धाकटा लाल पेन घेऊन दारात उभा राहायचा आणि प्रत्येकाची झडती घ्यायचा. एका संध्याकाळी त्याने बापाच्या शर्टावर लसणीच्या चटणीचा डाग शोधून काढला. वडापाव मित्राने दिला होता, या बचावावर त्याने विश्वास ठेवला नाही. तक्त्यावर लाल फुली पडली.

चार तारखेला रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस, आणि माझं अजून व्हायचं होतं. पंचवीस बायकांना वाण लुटायचं म्हणजे कमीत कमी हजार-बाराशे. ते कुठल्या रकान्यात? मला युक्ती सुचली. माळ्यावरच्या खोक्यात आजवर मला मिळालेली वाणं पडून होती. वाट्या, डब्या, गाळणी, कंगवे, पिनांचे पुडे. ती पुसून, कागदात गुंडाळून तयार केली. सगळं छान पार पडलं. रात्री तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा फोन आला. त्या म्हणाल्या, "अगं, साबणदाणी फार छान आहे. मागच्या वर्षी मीच निवडून आणली होती." मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. वहिनी मात्र इतक्या हसत होत्या, की पलीकडून त्यांच्या मिस्टरांनी काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं.

त्याच आठवड्यात मावशी आल्या. कामाला नव्हे, नुसत्याच. दारातच उभ्या राहिल्या. मी त्यांना 'महिनाभर सुट्टी घ्या' एवढंच सांगितलं होतं, आणि सुट्टीचे पैसे देणार नाही, हे न सांगता त्यांच्या लक्षात येईल असं धरून चालले होते. त्या म्हणाल्या, "ताई, माझं काय चुकलं का? पोळ्या कडक होत होत्या का?"

पलीकडच्या इमारतीतलं आणखी एक घर त्याच सुमाराला सुटलं होतं. बचत गटाच्या कर्जाचा हप्ता दहा तारखेला असतो. तो काही फेब्रुवारी आहे म्हणून थांबत नाही. मी त्यांना आत बसवून चहा दिला, आणि कपात साखर घालताना माझ्या ध्यानात आलं, की आम्ही घरी चाललेल्या एका खेळात या बाईचा अडीच हजारांचा डाव मांडला होता, तिला न विचारता.

रात्री मी विषय काढला. थोरली म्हणाली, यालाच आम्हाला कॉलेजात केन्सचा सिद्धांत म्हणून शिकवतात. सगळ्यांनी एकदम हात आखडला की कुणाचं तरी काम जातं, कारण एकाचा खर्च ही दुसऱ्याची कमाई असते. हे म्हणाले, आपण एका घराने काय होणार? आईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पानात मान घातली. मावशी दुसऱ्या दिवसापासून कामावर आल्या, पगार पूर्ण महिन्याचा ठरला आणि तक्त्यावरचा तो आकडा मी खोडला. इस्त्रीवाल्याचा मात्र खोडला नाही. जिन्याखाली बसतो तो. एकदा त्याने विचारलं, "कपडे आले नाहीत, बाहेरगावी होतात का?" मी 'हो' म्हटलं. रोज त्याच्यासमोरून घरी इस्त्री केलेली साडी नेसून जाताना मी बाहेरगावीच होते म्हणायचं! याचं समर्थन माझ्याकडे नाही.

दुसऱ्या आठवड्यात मजा आटली. काटकसरीचं असं आहे, की पहिले आठ दिवस तिचं कौतुक असतं. नंतर ती नुसती काटकसर उरते. घरात चिडचिड वाढली. दुधाला किती पाणी झालं, गिझर किती वेळ चालला, यावरून हे बोलायला लागले. गिझर तर यादीतही नव्हता. नात्यात एक लग्न होतं. आहेराच्या पाकिटात पाचशे एक की हजार एक, यावरून आम्ही कार्यालयाच्या दारात, केळीच्या खांबाआड उभं राहून हळू आवाजात भांडलो. पाचशे एक ठरले. जेवताना मला त्या पंगतीतला एक घास गोड लागला नाही.

चौदा फेब्रुवारीला 'छावा' प्रदर्शित झाला. थोरलीचा सगळा घोळका शनिवारी निघाला. तिने तक्त्याकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. हे म्हणाले, "मार्चमध्ये जा." ती म्हणाली, "मार्चमध्ये त्यांच्याबरोबर कशी जाणार?" आणि मग, दार आपटण्यापूर्वी, जे मला कधीपासून विचारायचं होतं ते तिने विचारलं: "आपल्याकडे पैसे आहेत ना, बाबा? मग नसल्यासारखं का वागतोय आपण?"

ह्यांनी उत्तर दिलं नाही. चप्पल घालून खाली गेले.

मी ओट्यापाशी होते. आई तांदूळ निवडत होत्या. महत्त्वाचं बोलायचं असलं की त्या मालवणीत शिरतात. मान वर न करता म्हणाल्या, "तेका इचार. इचारल्याशिवाय तो सांगूचो नाय."

"काय विचारू?"

मग त्यांनी जे सांगितलं ते मी लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत तुकड्यातुकड्यांनी ऐकलं होतं. अख्खं प्रथमच ऐकलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे सासरे लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. संपाच्या आदल्या आठवड्यात त्यांनी आईंना सांगितलं होतं, "महिनाभर जरा हात आखडता घे." एवढंच. कशासाठी ते नाही. आई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या, हे सहा वर्षांचे. आईंनी महिनाभर हात आखडता घेतला. मग दुसरा महिना. मग शेजारच्या खानावळवाल्या बाईकडे पोळ्या लाटायला जाऊ लागल्या. पण तिथे जेवणारेही संपावरचेच, सगळे उधारीवर, तेव्हा त्या बाईकडेच पुढे पीठ उरेना. तांब्या-पितळेची भांडी गेली, डोरल्याच्या वाट्या राहिल्या, मणी गेले. मे महिन्यात मुलाला घेऊन आई गावी गेल्या, आणि परत यायला वर्ष उलटलं. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, हे आपण सगळे जाणतो. सासऱ्यांना पुन्हा साच्यावर उभं राहायला मिळालं नाही. ठाण्याच्या एका कारखान्यात रखवालदारी करून त्यांनी मुलगा शिकवला.

"महिनाभर," आई म्हणाल्या. "तेंनी पण महिनाभरच म्हटलेला."

त्या रात्री मी विचारलं. हे ऐरोलीच्या एका कंपनीत खरेदी विभागात आहेत. जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात तिथे दोन विभाग एक करण्याची बोलणी सुरू झाली होती. कोण राहणार, कोण जाणार, ते मार्चनंतर कळणार होतं. वय एकोणपन्नास, घराचे हप्ते अजून सहा वर्षांचे. माझ्या एकटीच्या पगारात घर चालतं का, हे त्यांना पाहायचं होतं. घाबरवायचं नव्हतं म्हणून खेळ केला.

मला राग आला. नोकरीचा नव्हे, खेळ केला त्याचा. दोनशे चौदा नोंदी मांडून ठेवणाऱ्या माणसाने दोनशे पंधरावी लपवली होती. आम्ही बराच वेळ बोललो, म्हणजे बराच वेळ मीच बोलले. सकाळी मुलांना सांगितलं. थोरली काही न बोलता बापाच्या बाजूला जाऊन बसली. धाकट्याने फ्रिजवरच्या तक्त्यातली ती वडापावची लाल फुली खोडली. ती ह्यांना दिसली, आणि ते जरा वेळ बाल्कनीत जाऊन उभे राहिले.

उरलेले बारा दिवस तोच तक्ता होता, पण घर वेगळं होतं. गिझरवरून कोणी बोललं नाही. थोरलीने आपणहून शिकवणीची दोन मुलं धरली. ह्यांनी आणि मी पहिल्यांदाच विम्याचे कागद, भविष्यनिर्वाह निधीचा आकडा, सोनं, सगळं एका वहीत लिहिलं. गेल्या पंधरा वर्षांत हे आम्ही का केलं नव्हतं? वेळ नव्हता, असं आम्ही म्हणत असू. वेळ होता, दोनशे चौदा वेळा फोन काढायला होताच की.

तेवीस तारखेच्या रविवारी दुबईत भारत-पाकिस्तान सामना होता. बाहेरून काही मागवायचं नाही म्हणून मी कांदाभजी तळली, आईंच्या आवडीची. शेवटी शेवटी सामना कधीच आपल्या खिशात होता. प्रश्न फक्त कोहलीच्या शतकाचा उरला होता. त्याने चौकार मारला, त्याच फटक्यात शतकही झालं आणि विजयही. मुलं किंचाळली, शेजारच्या भिंतीतून आरोळी आली, खाली कोणी फटाके लावले. आई मात्र भजी खात शांतपणे पडद्याकडे पाहत होत्या. आईंना क्रिकेट कळतं, आवडतंही. धाकट्याने त्यांच्या समोर जाऊन हात हलवले तेव्हा त्या हसल्या.

यंत्र कानात होतं. त्यात सेल नव्हता.

सहा सेलांचं पाकीट साधारण अडीचशेला येतं, एक सेल जेमतेम आठवडा पुरतो. दहा तारखेच्या सुमाराला त्यांनी दिवसभर सेल काढून ठेवायला सुरुवात केली होती. रात्री जेवताना तेवढा घालायच्या, आमचं बोलणं ऐकू यावं म्हणून. पंधरा तारखेनंतर तोही संपला, तर नवा मागितला नाही. आमच्या यादीत औषधं 'गरज'मध्ये होती. सेलांचा उल्लेखच कुठल्या रकान्यात नव्हता. त्यांनी तो आपणच चैनीत धरला. आठ दिवस आमच्या घरातलं एक माणूस ऐकत नव्हतं आणि आम्हाला कळलं नाही. उलट मी थोरलीला म्हटल्याचं मला आठवतं, की आजी हल्ली किती शांत असते नाही!

ह्यांनी त्या रात्री नऊ वाजता औषधांची दोन दुकानं पालथी घातली. नेमके ते सेल दुसऱ्या दिवशी मिळाले. आई म्हणाल्या, "एवढं काय त्यात? मला नाही ऐकू आलं तरी कुणाचं अडत नाही." हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं. सहज म्हटलं म्हणूनच मी ते अजून विसरलेले नाही.

सव्वीसला महाशिवरात्र झाली, रताळी-साबुदाण्यावर. अठ्ठावीसला आम्ही हिशेब केला. घराचा हप्ता आणि फी सोडून डिसेंबरात एकसष्ट हजार चारशे गेले होते, फेब्रुवारीत अडतीस हजार नऊशे. साडेबावीस हजारांचा फरक. पण पतपेढीतल्या बाईला फसवणं इतकं सोपं नाही. डिसेंबरला तीन दिवस जास्त होते, त्यात एक वाढदिवस होता. शिवाय धाकट्याचे बूट, ह्यांच्या दाढेचं काम, मिक्सरचं भांडं हे आम्ही नुसतं पुढे ढकललं होतं. मार्चमध्ये त्याचे सात हजार गेलेच. नोंदी मात्र दोनशे चौदाच्या एकोणपन्नास झाल्या होत्या. माझ्या एकटीच्या पगारात घर चालतं का? नाही चालत. दहा हजार कमी पडतात. हा आकडा कळला. तो वहीत लिहिला आणि त्या दहा हजारांसाठी एक वेगळं खातं काढलं.

तेव्हापासून बाहेरून मागवलेलं जेवण महिन्यातून दोनदा येतं. ते दहा मिनिटांचं अॅप थोरलीने तिच्या फोनमध्ये पुन्हा घेतलंय, मला माहीत आहे. माझ्या साड्या पुन्हा जिन्याखाली जातात. सेलांची दोन पाकिटं फ्रिजवरच्या बरणीत असतात आणि त्यांची मोजदाद धाकट्याकडे आहे.

नोकरीचा निकाल जूनमध्ये लागला. अकरा माणसं गेली. हे राहिले, पगार होता तेवढाच. त्या अकरांतले एक गृहस्थ ठाण्यापर्यंत ह्यांच्याच डब्यात असायचे, चौदा वर्षं. जुलैमध्ये एका रात्री त्यांचा फोन आला. म्हणाले, वहिनींनी काहीतरी यादी केली होती ना, कशात किती वाचतं त्याची. ती मिळेल का?

तक्ता मी जपून ठेवला होता. बाहेर काढला, टेबलावर पसरला. फोटो काढण्यापूर्वी पेन घेतलं आणि मावशींची खोडलेली ओळ पुन्हा एकदा, वाचताच येणार नाही अशी गिरवून खोडली. खाली रिकाम्या जागेत 'कानाच्या यंत्राचे सेल' असं लिहिलं, गरजेच्या रकान्यात. मग पाठवला.